सांधेवाल्याची बायको

नागव्वाला एकच खोड होती. कुठलंही यंत्र दिसलं की ते कसं चालतं हे कळेपर्यंत तिच्या जिवाला चैन नसे. गिरणीत दळण टाकायची, फिरत्या पट्ट्याकडे बघत उभी राहायची आणि पीठ तिथंच विसरून घरी यायची. सोलापूरच्या बाहेर एका बंद पडलेल्या इंग्रजी अमदानीतल्या स्टेशनात रेल्वेचं म्युझियम निघालं आणि झाडलोटीला बाई हवी झाली. बाकीच्या बाया म्हणाल्या, त्या भंगारात कोण जाणार? नागव्वा दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर.

तिथं जायला आणखीही एक कारण होतं. तिचा नवरा कल्लप्पा ह्याच स्टेशनावर सांधेवाला होता. सांधा हलवून गाडी ह्या रुळावरून त्या रुळावर घेणं आणि मग दांडा ओढून सिग्नल देणं हे त्याचं काम. एकदा सांधा नीट बसलेला नसताना सिग्नलचा हात खाली पडला, म्हणजे गाडीला वाट मोकळी मिळाली, मालगाडी घसरली, गार्डाचा पाय गेला आणि कल्लप्पाची नोकरी. कल्लप्पा घरी येऊन म्हणाला, सांधा उघडा असला की सिग्नलचा दांडा जागचा हलतच नाही, मग मी ओढीन कसा? स्टेशनच्या साहेबानं आपलं पाप माझ्या माथी मारलं. मरेपर्यंत तो हेच सांगत राहिला, आणि नागव्वा त्यासाठी जगाशी भांडत राहिली. मोहोळचा भाऊ एकदा हसत म्हणाला, दाजींना डुलकी लागली असंल. ती भरल्या ताटावरून उठली, ती पुन्हा माहेरी गेली नाही. भाऊ वारला तेव्हाही नाही. हट्टालाही काही माप असावं, पण तिला सांगणार कोण?

म्युझियममधली यंत्रं महादेवप्पा मिस्त्री तेलपाणी करून चालती ठेवी. हे कशाला, ते कुठं जोडलंय, असं विचारून नागव्वानं त्याला भंडावून सोडलं होतं. फक्त सिग्नलच्या दांड्याचं तिनं कधी विचारलं नाही. रोज पुसायची आणि पुढं सरकायची. उत्तर ठाऊक असलेल्या बाईनं विचारायचं कशाला? पण खोड ती खोडच. एका दुपारी तिनं विचारलंच, सांधा उघडा ठेवून हा ओढला तर?

"ओढून बघा की," महादेवप्पा म्हणाला. ती कोणाची कोण, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

तिनं पदर खोचला, पाय रोवला आणि सगळा जोर लावला. दांडा इतका अलगद आला की ती मागच्या मागे भिंतीला टेकली. बाहेर सिग्नल पडला होता.

तिनं पुन्हा ओढला. पुन्हा पडला. महादेवप्पा सांगत होता की ह्या लहान लायनीवर दांडा धरून ठेवणारी अडकण नसायचीच, म्हणून सांधेवाल्यानं डोळ्यांत तेल घालून राहायचं. मग त्याचं तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं तसा तो गडबडला.

"यंत्र जुनं झालंय, मावशी," तो म्हणाला. "अडकण झिजली असंल."

त्याचं मन मोठं, पण थाप काही जमली नव्हती. नागव्वानं दांडा जागेवर नेऊन ठेवला आणि तिथंच खाली बसली. तिला राग यायला हवा होता. आली ती नुसती माया.

"येवडी वर्सं ती चूक एकटंच उराशी घिऊन बसले," ती म्हणाली. "मला सांगितलं असतं, तर म्या काय भाकर थापायची सोडली असती?"