शिडातली खिडकी

"रविवारी काय करता?" असं गोंदियात कुणी विचारलं आणि मी "शिडाच्या होडीची शर्यत खेळतो" म्हणालो, की समोरचा आधी माझ्या तोंडाचा वास घेतो! समुद्र कुठे, आम्ही कुठे! पण दोन हजार सात-आठच्या सुमारास चोरखमाऱ्याच्या तलावावर आमचा क्लब खरंच होता. होड्या तीनच, पण किस्से एवढे साचलेत, की मी सुरुवात केली की बायको गॅस बंद करून टाकते. "आता जेवण तासाभराने," म्हणते.

क्लब काढला रामटेके काकांनी. मूळचे केशोरीचे, उभी नोकरी नेव्हीत. रिटायर होऊन गोंदियाला आले, तलाव पाहिला आणि म्हणाले, "एवढं पाणी नुसतं धानाले देऊन रायले? काऊन बे?"

•

होड्या बनवल्या गोंदियातल्या एका फर्निचरवाल्याने. काकांनी नकाशा काढून दिला होता, माप न् माप बरोबर. पहिली, काकांची होडी आली, आणि आत बघतो तर गुळगुळीत सनमायका! वर लाकडाची नक्षी!

"हे काय करून ठेवलं?" काका ओरडले.

"साहेब, डबल बेडले लावतो तोच हाय. पुसाले सोपा!"

"अरे, होडी कलली तर माणूस घसरत जाते ना याच्यावरून!"

तो शांतपणे म्हणाला, "तर मंग गादी टाका जी!"

•

दुसरी होडी बिसेनभाऊंची. तलावाच्या काठालाच त्यांची शेती. आमच्याकडे हिवाळ्यात वारा म्हणजे सरकारी पाहुणा, येईन म्हणतो आणि येत नाही. एकदा सकाळपासून आम्ही शिडं उभारून बसलो होतो. पान हलत नव्हतं. दुपारी एकदाचा मस्त वारा सुटला, शर्यत सुरू झाली, आणि बिसेनभाऊ चक्क पुढे!

अर्ध्यात त्यांनी होडी वळवली आणि सरळ काठाला लावली. आम्हाला वाटलं काही तुटलं. काका ओरडले, "काय झालं जी?"

"वारा सुटला ना काका!" होडीतून उडी मारत ते म्हणाले. "धान उफणाचा रायला घरी! थ्रेशरवाला दगा देऊन गेला!"

आणि पळाले. तोंड बघत बसलो आम्ही. पण खरं सांगतो, त्या वाऱ्यावर आमच्याआधी हक्क त्यांच्या धानाचाच होता.

•

तिसरी होडी अग्रवालजींची. राईस मिलवाले, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांच्या होडीत पुढच्या शिडाची रस्सी ओढायला मी. शाळेत मुलांना आवाज देतो, तिथे मात्र नुसता "जी शेठजी, जी शेठजी!"

हळूहळू तिन्ही होड्यांची पुढची शिडं विरली. नवी घ्यायची ठरली आणि भांडण लागलं, केवढी घ्यायची? काकांचा नियम कडक: तिन्ही होड्यांचं शीड एकाच मापाचं, नाहीतर शर्यत कसली? अग्रवालजी म्हणाले, "बडा लो! हवा कम है तो पाल बडा चाहिए, सीधी बात है!"

बात सीधीच होती. काकाही मान डोलवत होते. गप्प होत्या फक्त काकू.

काकांच्या होडीत पुढची रस्सी काकूंच्या हातात. उभा जन्म चिखलात रोवणी केलेली बाई. साडीचा काष्टा मारून, वर लाइफ जॅकेट घालून बसायच्या. पण खांदा धरला होता. लहान शीड कसंबसं ओढायच्या. मोठं शीड आलं की काकांना दुसरा गडी बघावा लागणार आणि काकू काठावर बसणार, हे सगळ्यांना कळत होतं.

शेवटी बिसेनभाऊंनी सुचवलं, "काका, तुमी लहानच ठेवा ना. आमाले चालते."

काका लाल झाले. "रूल म्हणजे रूल! मेहरबानी नाई पायजे आपल्याले!"

•

मोठ्या शिडाचा एक नमुना शिवायला टाकला कोहमाऱ्याच्या रहमतचाचांकडे. ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यात त्यांचा हात धरणारा हायवेवर कुणी नाही. अग्रवालजींनी त्यांना बजावलं होतं, "चाचा, इतना बडा पाल, सामने का दिखना भी चाहिए!"

चाचांनी जीपच्या पडद्याला असते तशी प्लास्टिकची खिडकी शिडात बसवली. तिच्यावर वर गुंडाळून ठेवता येईल असं झाकण, त्याला दोन बकलं, आणि शिडाला चारी बाजूंनी दोऱ्या बांधायची भोकं!

"चाचा, ये छेद किसलिए?"

"सेठ, नाव नहीं चली तो धान ढाँक लेना!"

•

त्या रविवारी काकूंनी आलूची भाजी-पुरी आणली होती. खाता खाता मी सहज म्हणालो, "काकू, काठावर बसाल तर उलट आराम होईल तुम्हाला."

काकू पुऱ्या वाढतच राहिल्या. "आराम कायचा जी, मास्तर? उभी नोकरी हे पाण्यात, न् मी केशोरीले बांधावर. पोरं मोठी केली बांधावरून, सासू-सासऱ्याले पोचवलं बांधावरून. आता कुठं हे न् मी एका होडीत बसून रायलो." मग हसल्या. "पुन्हा बांधावरच बसाचं म्हणते तुमचं शीड. बसन, काय होते!"

काका तलावाकडे तोंड करून उभे होते. अग्रवालजींच्या हातातली पुरी तशीच राहिली. मला तर कशाला बोललो असं झालं.

•

निकाल पाण्यावर लावायचा ठरलं. काकांची होडी लहान शिडावर, अग्रवालजींची मोठ्या. जो जिंकेल त्याचं माप सगळ्यांना. बिसेनभाऊ पंच. शेवटच्या रेषेचा लाल फडक्याचा बांबू अग्रवालजींनी सकाळी स्वतः पाण्यात उतरून रोवला. होडी त्याच्या डाव्या बाजूने जायची, हेही सगळ्यांना त्यांनीच ओरडून सांगितलं.

वारा मंद. मोठं शीड म्हणजे काय चीज असते ते त्या दिवशी कळलं! काका-काकू मागे, पार मागे. मी वळून पाहिलं. काकू दोन्ही हातांनी रस्सी धरून होत्या, काका त्यांना काहीतरी सांगत होते आणि दोघं हसत होते. शेवटची शर्यत एकत्र खेळून घेत होते, दुसरं काय.

बांबू जवळ आला. आमची होडी उजवीकडे सरकायला लागली.

"शेठजी, डावीकडून!"

"हाँ, हाँ."

"शेठजी! डावीकडून! लेफ्ट! बाएँ!"

"हाँ रे मास्टर, सुन रहा हूँ!"

आणि गेलो की उजवीकडून! बिसेनभाऊंनी शिट्टी फुंकली. पुन्हा वळून यायचं, तर वारा नेमका पडला. सनमायक्यावर बसून मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात लहान शिडाची होडी हळूहळू आली, बांबूच्या डावीकडून गेली, आणि काकूंनी जॅकेटसकट उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका ओरडले, "खाली बस वं! पडशीन!"

काठावर आल्यावर काका थेट आमच्या होडीपाशी. चेहरा नेव्हीचा. "अग्रवालजी, बांबू तुमीच रोवला. असं कसं झालं?"

अग्रवालजी शीड उतरवत होते. मान वर न करता म्हणाले, "क्या बताऊँ काका, पाल इतना बडा है, सामने का कुछ दिखता ही नहीं! नहीं चाहिए अपने को. छोटा ही ठीक है."

काकू पुढे आल्या. अर्ध्या उतरलेल्या शिडाच्या पलीकडे गेल्या, चाचांच्या त्या झाकण गुंडाळलेल्या खिडकीवर पदर फिरवला, वाकून तिच्यातून पाहिलं आणि म्हणाल्या,

"माय वं! भाऊ, मले तर तुमी चांगले दिसून रायले!"