येताना एक चूक घेऊन या

"येताना एक चूक घेऊन या," असं म्हणून ते वही दोन्ही हातांनी पुढे करायचे.

शारजातून कोणी फिरायला निघालं की शेजारीपाजारी काही ना काही आणायला सांगत. कोणाला बाम हवा असे, कोणाला छत्री. यांना फक्त चूक हवी असायची. वही बँकॉकची होती. लांबट, कापडी पाठीची, गोदामात मालाची नोंद करायला असते तसली. बँकॉक शहर कसं बघावं, हे तिच्यात निळ्या शाईने, एक ओळ सोडून एक, स्वच्छ मराठीत लिहिलेलं होतं. न्यायला कोणालाही मिळायची. अट एवढीच, की तिच्यातली निदान एक चूक शोधून आणायची.

नव्वदीच्या सुरुवातीला मी शारजातल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल म्हणून लागलो. शारजातल्या रोला चौकाजवळ जिथे आम्हाला घर मिळालं, तिथे आमच्या समोरच्या दारात ते आणि त्यांची बायको राहत. सगळी इमारत त्यांना काका आणि काकू म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. काका औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी बघत. माल बँकॉकहून यायचा. आधी टेलेक्सवर आणि मग फॅक्सवर त्यांचं त्या शहराशी रोज बोलणं असे.

वही मी प्रथम पाहिली तेव्हा ती पुस्तकासारखी, बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पहिलंच वाक्य होतं, 'दोन माणसांना चार दिवस पुरतात.' पुढचं सगळं दोघांच्या हिशोबाने होतं. एकटे राहणारे लोक वही नेत, तरी बोटीत 'दोघांनी डावीकडे बसावं' असंच त्यांना वाचायला मिळे.

मी विचारलं, "काका, किती वेळा जाऊन आलात?"

"कोण, मी? एकदाही नाही."

"मग हे सगळं?"

"लोक जातात ना. मी विचारतो." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "सर, तुमच्या लायब्ररीतल्या सगळ्या गावांना तुम्ही जाऊन आलात का?"

मी वही पुन्हा पहिल्या पानावर उघडली.

ते गेले नव्हते याचं कारण तिथे राहिलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. वर्षातून एकदा सुट्टी, आणि कंपनीचं तिकीट मुंबईचं. एका वर्षी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, एका वर्षी बहिणीचं लग्न, मग मुलाचं कॉलेज. पण खरं कारण स्वयंपाकघरात असायचं. काकू अंडंही न खाणाऱ्या. "तुम्ही बघाल देवळं," त्या आतूनच म्हणत, "आणि मी खाऊ काय? हवा?"

याचं उत्तर वहीत होतं, पान एकतीसवर. कापडबाजारात निळ्या दाराशेजारून जिना चढायचा. दुसऱ्या मजल्यावर एक सिंधी आजी घरातच जेवू घालतात. साधं वरण, भात, दोन भाज्या. 'पुरे म्हटलं तरी एक पोळी जास्त येते.' हे पान काकांनी काकूंना इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की ते आपोआप उघडायचं. शेवटी एकदा काकू म्हणाल्या, "बरं. त्या आजी असतील तर येईन." त्या दिवसापासून काकांचं जाणं ठरलं. कधी, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

वहीतली अंतरं आमच्या गावच्या मापाने असत. नदी आपल्या दुबईच्या खाडीपेक्षा रुंद, पण बोटवाल्याला घाई तेवढीच. राजवाड्यापासून मोठ्या देवळापर्यंत शारजातल्या औद्योगिक क्षेत्र क्रमांक चारपासून सहापर्यंत चालाल तेवढं. भाव आधी दिरहमात, मग रुपयांत, आणि सगळ्यात शेवटी तिथल्या बाटमध्ये. फसवणुकीविषयीही एक परिच्छेद होता: 'राजवाडा आज बंद आहे असं गोड हसून सांगणारा माणूस हमखास भेटेल. त्याला नमस्कार करावा आणि पुढे जावं. राजवाडा उघडा असतो.'

परत आलेल्या माणसाला शुक्रवारी सकाळी काकांकडे जावं लागे. सुट्टीचा दिवस. काकू पोहे करत, आणि काका लाल पेन्सिल घेऊन समोर बसत. "बोटीतून उतरल्यावर उजव्या हाताला काय दिसलं?" ते विचारत. आठवत नाही म्हटलं की पेन्सिल खाली ठेवून थांबत. माणूस बिचारा डोळे मिटून आठवू लागे. पोलिसांना दिला नसता एवढा तपशील लोकांनी त्या टेबलावर दिला आहे.

एका शुक्रवारी शेजारच्या अजमानहून एक इलेक्ट्रिकल कंत्राटदार आला. जाड, बोलका, आमच्या सोलापूरकडचा. आल्या आल्या म्हणाला, "काका, मोठी चूक आणलीय. बशी भरून पोहे लागतील."

"आधी चूक दाखवा."

"तुम्ही लिहिलंय, शुक्रवारी दुपारपर्यंत दुकानं बंद, तेव्हा देवळं बघावीत."

"मग?"

"तिथे कशाला बंद असतील? ती काय शारजा आहे?"

आधी हसू आलं ते स्वयंपाकघरातून. हे वाक्य काकांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते आपल्या मनाने घातलं होतं, कारण शुक्रवारी सकाळी दुकानं उघडी असतात असं शहर त्यांना आठवतच नव्हतं. गंमत पुढेच होती. वही चार वर्षं फिरत होती. दहा-बारा जण जाऊन आले होते, आणि सगळ्यांनी शुक्रवारची सकाळ देवळांत घालवली होती.

"एकानेही मान वळवून दुकानांकडे बघितलं नाही?" काकांनी विचारलं.

"कोण बघणार, काका? शुक्रवार होता ना. मीसुद्धा या खेपेला चप्पल तुटली म्हणून बघितलं."

काकांनी ती ओळ लाल पेन्सिलीने खोडली, समासात कंत्राटदाराचं नाव घातलं, आणि आपली बशी त्याच्यापुढे सरकवली. इतकं खूश मी त्यांना पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "यल्ला, चला," म्हणाले, "एक तरी वाक्य खरं झालं."

मग माझी पाळी आली. शाळेच्या सुट्टीत मी आणि माझी बायको चार दिवस बँकॉकला गेलो. वही पिशवीत होती. बोट मिळाली, डाव्या बाजूला सावली मिळाली, गोड हसणारा माणूसही मिळाला. त्याला मी नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी कापडबाजारात निळं दार सापडलं आणि जिनाही. दुसऱ्या मजल्यावर कुलूप होतं. खालचा दुकानदार पंजाबी, हिंदी बोलणारा. "माताजी तो गुजर गयीं," तो म्हणाला. "पिछले साल."

आम्ही जिन्यातच बसलो. मी चष्मा काढून पुसला. बायको म्हणाली, "काकूंना कळलं तर त्या येणार नाहीत."

"आणि काकांना न सांगून कसं चालेल? तेवढ्यासाठीच तर वही दिली."

"नका सांगू," ती म्हणाली. "एकदा येऊ देत त्यांना. आले की बघतील काहीतरी."

शुक्रवारी मी काकांसमोर बसलो. लाल पेन्सिल तयार होती. मी म्हटलं, "काका, एकही चूक सापडली नाही."

"एकही नाही?"

"नाही."

"सर, तुम्ही छापील पुस्तकातल्या चुका काढता." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी पोह्यांतले दाणे वेचत राहिलो. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "पोहे गार होतायत." कोरा पेपर देणाऱ्या चांगल्या मुलाकडे मास्तर जसं बघतात, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, आणि तेच मला लागलं.

एक खोटं बोलून भागत नाही. त्यानंतर बँकॉकला निघालेल्या प्रत्येकाला मला जिन्यात गाठावं लागे. "पान एकतीसबद्दल काही बोलू नका," मी सांगायचो. माझ्यासारख्या अबोल माणसाला हे किती जड गेलं असेल, तुम्हीच बघा. लोकांनी साथ दिली, एकेकाने जरा जास्तच. कंत्राटदार पुन्हा जाऊन आला, आणि काकूंसमोर रंगात येऊन म्हणाला, "काय त्या पोळ्या, काकू. वर तूप." काकांनी लगेच लिहून घेतलं, 'वर तूप.' मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

पुढे बँकॉकला खांबांवरून धावणारी गाडी सुरू झाली, आणि काकांनी अर्धी वही नव्याने लिहिली. प्रत्येक पान लाल झालं. पान एकतीस तेवढं निळंच राहिलं. कधी कधी ते त्या पानावर थांबत, बोटाने कडा सरळ करत, आणि पुढे जात.

दोन हजार सालानंतर भाडी वाढली आणि ते दोघं अजमानला गेले. वर्षभराने काका निवृत्त झाले. कायमचं घरी जायचं तिकीट कंपनीने मुंबईचं दिलं. काकांनी पदरचे पैसे घालून ते बँकॉकवरून करून घेतलं. विमानतळावर मी पोचवायला गेलो. काकूंच्या हातात डबा होता, पहिल्या दिवसापुरत्या दशम्यांचा. "पुढचं त्या आजी बघतील," त्या म्हणाल्या. मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. काकांनीच माझा हात धरला आणि म्हणाले, "सर, आता मी चूक आणतो."

तीन आठवड्यांनी शाळेच्या पोस्ट बॉक्समध्ये कार्ड आलं. पुढे नदी. मागे निळी शाई:

'सर, पान एकतीस. दार आहे, जिना आहे, आजी नाहीत. तूपही नाही. खालच्या दुकानदाराने सांगितलं, एक चष्मेवाले आणि त्यांची मंडळी तीन-चार वर्षांपूर्वी इथे जिन्यात बसून गेली, फार वेळ बसली. हिला मी तिथेच सांगितलं. ती दोन पायऱ्या वर बसली होती. मला वाटलं, आता परत चला म्हणेल. म्हणाली, खाली फळवाली दिसली होती, ती कुठे गेली ते बघा. चार दिवस फळंच खातो आहोत. हिने आजपर्यंत न पाहिलेली. नावं विचारून लिहून घेते. वहीत फळांचं पान नव्हतं, ही केवढी चूक.'

ते कार्ड मी वाचनालयाच्या टेबलावर उलटं ठेवलं आणि पुन्हा सुलटं केलं. दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "Sir, are you okay?" मी म्हटलं, फळं खावीशी वाटतायत.

मागच्या वर्षी काका पुण्यात गेले. आजार लांबला नाही. मला बातमी उशिरा कळली, आणि सुट्टीत मी काकूंना भेटायला गेलो. काकूंनी पपई कापून दिली आणि बशीशेजारी वही ठेवली. "तुमच्याकडेच राहू दे," म्हणाल्या. "तुमच्या नावावर एक बाकी आहे, असं म्हणायचे."

पान एकतीस लाल पेन्सिलीने खोडलेलं होतं. समासात माझं नाव, आणि त्यापुढे, 'यांना सापडली होती. आणायला विसरले.' त्याच्या शेजारचं पान काकूंच्या अक्षरात होतं. जाड, गोल अक्षर. फळांची नावं, आणि प्रत्येकापुढे एकेक शब्द: गोड, फार गोड, वास नको, पुन्हा खावं.

मी पानं मागे उलटत पहिल्या पानावर आलो. तिथेही लाल रेघ होती, थोडी थरथरलेली. ती रेघ कधी ओढली असेल, हे मी काकूंना विचारलं नाही. 'दोन माणसांना चार दिवस पुरतात' हे वाक्य खोडलेलं होतं. समासात नाव काकांचं स्वतःचं, आणि खाली दुरुस्ती: 'पुरत नाहीत.'