गादीवालीची पकड

तिला सगळे गादीवालीच म्हणत. दुकानात मांडी घालून कापूस भरायची, लांब सुईने टाके घालायची. उजवा डोळा लहानपणीच्या तापात गेला, डाव्याला नुसत्या सावल्या. पण टाका असा, की गादी फाटेल, टाका उसवायचा नाही.

न दिसणाऱ्या बायकांच्या ज्युदोच्या वर्गात ती काही खेळायला गेली नव्हती. तिथली जमिनीवरची मोठी गादी फाटली होती, ती शिवायला गेली. शिवून झाल्यावर मास्तर सहज म्हणाले, "बाई, पकड बघू तुमची." तिने त्यांच्या डगल्याची कॉलर धरली. मास्तरांनी हिसका दिला, वळून पाहिलं, वाकून पाहिलं. शेवटी म्हणाले, "आता सोडा, मला घरी जायचंय." त्या दिवसापासून ती तिथलीच झाली.

खेळ सोपा. दोघींनी आधीच एकमेकींचा जाड डगला धरायचा, मग मास्तर 'सुरू' म्हणणार. जी दुसरीला पाठीवर पाडेल ती जिंकली. मधेच पकड सुटली तर चाचपडत पुन्हा शोधायचं. आणि मेख तिथेच होती. समोरचा पांढरा डगला गादीवालीला अंधुक का होईना, दिसायचा.

तिची जोडीदारीण टेलिफोनवाली, इस्पितळात फोनवर बसणारी. जन्मापासून काहीच न दिसणारी. दोघी एकमेकींचा दंड धरून यायच्या, तशाच जायच्या. पण गादीवाली जिंकली की कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचंच, "वासरांत लंगडी गाय शहाणी!" टेलिफोनवालीही हसायची, पण जरा उशिरा. तो उशीर गादीवालीला सुईसारखा टोचायचा.

मोठ्या स्पर्धेला वर्गातून एकीलाच जायचं होतं आणि शेवटची लढत नेमकी या दोघींत लागली. गादीवालीला जायचं होतं, अगदी मनापासून. पण मान खाली घालून नाही. तिने दुकानातून गादीच्या कापडाची पट्टी आणली आणि मास्तरांच्या देखत मुकाट्याने डोळ्यांवर करकचून बांधली.

सुरू झालं. थोड्याच वेळात पकड सुटली, आणि गादीवाली पाण्यात पडलेल्या मांजरीसारखी हवेत हात मारू लागली. टेलिफोनवालीने तिच्या पावलांचा कानोसा घेतला, दोन ढांगांत आली आणि धप्प! टाळ्या पडल्या.

तिला उठवायला म्हणून टेलिफोनवालीने हात पुढे केला, तो गेला तोंडावर. बोटांना पट्टी लागली.

"हे काय गं?"

"बरोबरी केली."

"डोंबलाची बरोबरी! मी जन्मभर अंधारात नांदतेय, तू आज पाहुणी आलीस. पाहुणीला पाडून मी मिरवू?"

"मग काय करू? डोळा काढून ठेवू?"

"दे तुझ्या सासूला. सुईत दोरा ओवायला होईल तिला."

सगळ्या खो खो हसल्या. गादीवालीने मात्र नाक ओढलं. टेलिफोनवालीने ते ऐकलं असावं, कारण आवाज खाली आणून म्हणाली, "तुझा डोळा मला कधी खुपला, सांगू? पकड सुटल्यावर. हात डगल्यात असले की तू काय नि मी काय."

मास्तरांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "मग पकड सुटली की थांबायचं. दोघींनी पुन्हा डगले धरायचे, मगच पुढे. हे आधी का नाही सुचलं मला?"

"तुम्हाला दिसतं ना मास्तर, म्हणून," टेलिफोनवाली म्हणाली. "आणि आत्ताची लढत मोजायची नाही. पुन्हा खेळायचं."

पट्टी सुटली. डगले धरले गेले. या खेपेला पकड सोडायची कुणाची छाती नव्हती. टेलिफोनवाली सरकायची, फसवायची, पाय अडकवायची. गादीवाली नुसती धरून. घामाने डगले भिजले. शेवटी टेलिफोनवालीचा तोल इवलासा पुढे झुकला, आणि ते डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. धप्प!

कोपऱ्यातून आवाज आलाच, "वासरांत लंगडी..."

"वासरू कुणाला म्हणतेस गं?" पाठीवर पडल्या पडल्याच टेलिफोनवाली ओरडली, आणि हसली. सगळ्यांच्या आधी हसली. मग वर बसलेल्या मैत्रिणीला कोपराने ढोसून म्हणाली, "जिंकलीस ना? आता तरी सोड की डगला."