मलियाचा पांढरा फ्रॉक

लुपेच्या घरी गेलेला माणूस एका ताटावर कधी सुटला नाही. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावरची ही बाई रग्बी खेळायला आलेल्या नवऱ्यामागून इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत आली. पुढे नवऱ्याच्या, इओआनेच्या, गुडघ्याने दगा दिला, तो बस चालवू लागला, लुपे हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागली आणि दोघं इथलीच झाली. रविवारी मात्र ती अस्सल सामोआची. कानामागे फूल, आणि चर्चमध्ये असा खडा आवाज की बिचाऱ्या ऑर्गनवाल्याला तिच्या मागून धावावं लागे.

ऑक्टोबरातला दुसरा रविवार सामोआत मुलांचा असतो. त्या दिवशी मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चला जातात, प्रार्थना तीच म्हणतात, आणि घरी एरवी मागून जेवणारी ही पोरं पहिल्या पंगतीला बसतात. वाढायला आईबाप! २००७ साली लुपेने सात वर्षांच्या लेकीसाठी, मलियासाठी, हौसेने लेसचा फ्रॉक शिवला. पोरीने तो पाहिला आणि तोंड फिरवलं.

"मी नाही घालणार. अख्ख्या चर्चमध्ये मी एकटीच पांढरी असते."

"आपल्याकडे सगळं गाव पांढरं असतं!"

"कुठंय ते गाव?"

लुपेने फ्रॉकची घडी घातली. बायकोने वाद सोडला म्हणजे प्रकरण गंभीर, हे ओळखून इओआने मुकाट्याने भांडी घासायला लागला. पोरीला ओढून नेता आलं असतं, नाही असं नाही. पण आज ओढून नेलेली पोर उद्या मोठी झाल्यावर आपलं काहीच आपलं म्हणणार नाही, अशी लुपेला धास्ती वाटली.

रविवारी सकाळी मलिया जीन्स घालून दारात हटून उभी. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. नागपूरची अरुणा बाहेर पडली ती पांढऱ्याशुभ्र साडीत. मागोमाग तिची मुलगी दीक्षा, तीही नखशिखान्त पांढरी.

"अरुणा, तुम्हीपण?" लुपे थक्क.

"अगं, आज चौदा ऑक्टोबर! बाबासाहेबांनी आम्हाला बुद्धाचा धम्म दिला तो दिवस. आज आम्ही सगळे पांढऱ्यात. दुपारी हॉलमध्ये प्रोग्रॅम आहे, जेवायला नक्की या."

मलियाने दीक्षाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तडक जिना चढली. उतरली ती फ्रॉक घालून, बटणं वरखाली लावलेली. चर्चमध्ये तिने प्रार्थना अशी ठणकावून म्हटली की पोर कुणाची हे सांगायलाच नको.

दुपारी तिघंही हॉलवर गेली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हाताऱ्या, बाप्ये, कडेवरची पोरं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, आणि खिरीचा घमघमाट. कुणीतरी ओरडलं, "आधी मुलांना बसवा रे!"

मलिया दारातच थबकली. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आईचा हात हिसकत चक्क रागावून म्हणाली, "मम्मी, आपण इतकेजण आहोत, आणि तू मला सांगितलंच नाहीस!"

लुपेने समजावून सांगायला तोंड उघडलं, पण डोळेच भरून आले.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.