वीस लाख ठिपके आणि चौतीस नंबर

चंद्रप्रकाश राण्यांनी गिरणीत वीस वर्षं कापड तपासलं. तागा निर्दोष निघाला की त्याच्या टोकावर ते आपल्या नंबरचा शिक्का मारत: ३४. गिरणी बंद पडली, मग घाटकोपरच्या एका सोसायटीत वॉचमनकी केली, केस गेले, दोन दात गेले. डोळे मात्र शाबूत. लग्नात सगळे नवरी बघतात, हे तिच्या शालूतला तुटका धागा शोधतात. मुलगी रुचिरा म्हणते, "बाबांना कुठे न्यायची सोय नाही."

लग्नाचे फोटो सुधारून देणं हे रुचिराचं काम. त्यासाठी तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि चौथ्या दिवशी पांढऱ्या स्क्रीनवर तीन काळे ठिपके दिसले. डेड पिक्सेल, पडद्यातले न पेटणारे बिंदू. दुकानाचा नियम असा, की सात दिवसांत पाच बिघडलेले बिंदू, न पेटणारे किंवा न विझणारे, दाखवा, तरच बदलून मिळेल. आज सातवा दिवस.

"वाट लागली, बाबा. तीनच आहेत."

"आण इकडं."

राण्यांनी पत्र्याच्या डब्यातून सूत मोजायचं भिंग आणि खडू काढला. कापडाकडे रोखून बघायचं नसतं. नजर काठापासून काठापर्यंत फिरती ठेवायची, खोट आपोआप टोचते. चौथा ठिपका टोचला आणि सवयीनं त्यांनी त्यावर खडूची फुली मारली. थेट स्क्रीनवर!

"बाबा! कापड आहे का ते?" रुचिरानं ओढणीनं फुली पुसली.

ओशाळून त्यांनी भिंग टेकवलं आणि तसेच वाकून राहिले. पांढरं असं तिथं काही नव्हतंच. लाल, हिरवा, निळा, पुन्हा लाल, एकाला एक लागून, टोकापर्यंत.

"किती ठिपके असतील गं?"

"वीस लाखांच्या वर."

ते मटकन खुर्चीत बसले. इंचात ऐंशी सुतं मोजली तर गिरणीच्या खात्यात त्यांचं कौतुक व्हायचं. "कोणी विणलं असेल गं हे? आणि वीस लाखांत चारच चुकले?"

"पाच सांगूया ना. कोण मोजतंय?"

"खोट नसताना फुली मारायची नाही," ते एकदम करड्या आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "सगळं काळं कर बघू. गडद ताग्यातली खोट वेगळी असते."

स्क्रीन काळी झाली. उजव्या कोपऱ्यात एकच लाल ठिपका तेवत होता, पाचवा. विझायलाच तयार नव्हता. राणे त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या अंधारात एवढासा जीव!

संध्याकाळी दुकानातल्या देवेशनं पाचही ठिपके पाहिले. त्यातले दोन त्याला दाखवूनही पटकन सापडेनात. त्यानं दुसरा लॅपटॉप काढला आणि पावती पुढे केली.

"थांबा," रुचिरा म्हणाली. "आधी आमचे चेकर बघतील."

राण्यांनी पांढरा पडदा बघितला, काळा बघितला, लाल, हिरवा, निळाही. दहा मिनिटांनी त्यांनी मान डोलावली. "स्वच्छ आहे."

"काका, इथं सही. 'तपासून घेतला'च्या खाली."

राण्यांनी पेन घेतलं आणि ठळक लिहिलं: ३४.

"हे काय, काका?"

गिरणी बंद पडल्यापासून पंचवीस वर्षांत तो आकडा राण्यांनी कशावरही घातला नव्हता.

"असू दे," रुचिरा म्हणाली. "तीच त्यांची सही आहे."