माझ्याआधी येऊन गेलेला कारभारी

मी तालुक्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. भुताखेतांच्या पुस्तकांचं एक कपाट आमच्याकडे आहे आणि सगळ्यात जास्त फाटतात ती तीच पुस्तकं. मी त्यांना डिंक लावते, नवी कव्हरं घालते... पण त्यातलं एकही मी शेवटपर्यंत वाचलेलं नाही. मला ते कधी पटलं नाही. आजही पटतं असं म्हणणार नाही. जे घडलं ते फक्त लिहून ठेवते आहे, आणि एवढं लिहायलाही मला वर्ष लागलं.

आम्ही आष्टीकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की आमच्याकडचं रान वाळतं. मग मेंढरं घेऊन बीड, वडवणी करत धारूरच्या डोंगरापर्यंत पायी जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं. रोज नवा मुक्काम. सोयाबीन निघालेल्या शेतात रात्रभर मेंढरं बसली की शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि आम्हाला पाठ टेकायला जागा. ही जागा शोधायला कळपातला एक माणूस सकाळीच पुढे निघतो. त्याला कारभारी म्हणतात. त्याने एकदा शेतकऱ्याचा शब्द घेतला की त्या शेतात दुसरा कळप बसत नाही. कितीही अडचण असो, दुसऱ्याच्या शब्दावर बसणं हे आमच्यात चोरीसारखं मानतात.

तीस वर्षं आमचे कारभारी माझे आबा होते. तीस वर्षांत एकदाही बिऱ्हाड रस्त्याच्या कडेला झोपलं नाही, असं नाना – माझे चुलते – सांगतात. मी हे ऐकून होते, पाहिलं मात्र नव्हतं. आबांनी मला लहानपणीच वसतिगृहात ठेवलं. कळपाबरोबर मी कधीच चालले नाही.

गेल्या साली भाद्रपदात आबा गेले. दोन दिवसांचा ताप, एवढंच. दिवाळीनंतर नाना म्हणाले, "कारभाऱ्याबिगर कुठं जायाचं? इकून टाकू मेंढरं." दीडशे मेंढरं. आबांचं मागे राहिलेलं तेवढंच होतं. मी म्हणाले, महिनाभर रजा काढते, मी पुढे जाते. "तुला कुत्रं तरी हाकलता येतं का बे?" असं नाना म्हणाले – पुरुषाला बोलावं तसं. चुलती हसली. आबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

बीडपर्यंत कसंबसं निभावलं. आबांच्या ओळखीची शेतं होती, नाव सांगितलं की लोक जागा देत, वर चहा पाजत. बीड ओलांडलं आणि माझी फजिती सुरू झाली. मी चष्मा लावलेली, खांद्याला बॅग. एका वस्तीवर पोरं ओरडली, "पीक विम्याच्या मॅडम आल्या!" क्षणात चार-पाच माणसं आपापली तक्रार घेऊन गोळा झाली. मी मेंढरांचं बोलले तसे सगळे खो-खो हसायला लागले. एक म्हातारे म्हणाले, "मेंढरं इंग्रजीत हाकता का काय, ताई?" जागा कुणी दिली नाही. मला आर्जव करता येत नव्हतं. दोन वाक्यं बोलून मी गप्प व्हायची आणि लोकांना वाटायचं, हिला गरज नसेल.

ती रात्र रस्त्याच्या कडेला काढली. दुसरीही. दुसऱ्या पहाटे एका टेम्पोने एक गाभण मेंढी उडवली. नानांनी तिला बाजूला ओढून हात धुतले आणि म्हणाले, "आज जागा न्हाई मिळाली तर मेंढरं वडवणीच्या बाजारात व्यापाऱ्याला दावतो. तुझा दोष न्हाई, सुमे. तुझा बाप लई येगळा होता."

मी पुढे निघाले. वडवणी मागे पडली. धारूरच्या रस्त्याने तीन-चार किलोमीटर गेल्यावर समोर एक मोठी वस्ती दिसली, नानांनी तिथेच विचारायला सांगितलं होतं. पण पारावर माणसं बसलेली पाहिली आणि मला पुन्हा ते हसणं आठवलं... मी सरळ डाव्या हाताच्या गाडीवाटेला वळले. हे मुद्दाम लिहिते आहे. त्या वाटेला वळायचं माझं ठरलेलं नव्हतं. नानांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

दुपारचे तीन वाजले असतील. लख्ख ऊन. पलीकडे उभी तूर, अलीकडे सोयाबीन निघालेलं मोकळं रान, विहीर, मोटारीची पत्र्याची खोली. विहिरीजवळ एक साठीचे गृहस्थ पाइप गुंडाळत होते. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "आलीस का? उशीर केला. मेंढरं कुठवर हायेत?"

मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाशी बोलताहेत. मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"मामा, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," मी म्हणाले. "मी पहिल्यांदाच आलेय."

"घोटाळा कशाचा? काल तुमचा कारभारी येऊन गेला की. शब्द दिलाय म्या."

म्हणजे हे शेत दुसऱ्या कुणीतरी बोलून ठेवलेलं होतं. एकदा वाटलं, गप्प बसावं. नाना मागून येत होते, चुलतीचे गुडघे सुजले होते. हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण मला ते जमेना. मी म्हणाले, "मामा, तो शब्द आमचा नाही. दुसऱ्या कळपाचा असेल. तुम्ही त्यांच्यासाठीच ठेवा जागा."

मामांनी पाइप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत मोठ्याने हसले. "आता कसं! त्यो म्हणलाच व्हता. लेक पुढं येईल, चष्मा हाय तिला. ती म्हणल, शब्द आमचा न्हाई. तरी बसवून घ्या म्हणला."

मामांनी कळशीतलं पाणी दिलं. मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. दीडशे मेंढरं, आमचं बिऱ्हाड वाहणारी घोडी, म्हातारा-म्हातारी – सगळं त्या माणसाने सांगितलं होतं. बांधाच्या पलीकडेच उभा राहिला. चहाला बोलावलं तर पुढं जायचंय म्हणाला. "अन् एक बगितलं म्या. जायच्या आदी ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, वास घेतला, अन् माती परत खाली ठिवली. टाकली न्हाई बरं का, ठिवली. म्हून तर लगीच हो म्हणलो. असल्या माणसाची मेंढरं शेताची नासधूस करत न्हाईत."

आबा माती तशीच ठेवायचे. परसात भेंडी लावतानासुद्धा. पण मी स्वतःला समजावलं – तशी माणसं आणखीही असतील. मी मोबाईल काढून आबांचा फोटो दाखवला.

मामांनी फोन दूर धरून निरखला. "हा न्हवं," ते म्हणाले. "हा म्हातारा हाय. त्यो तरणा गडी व्हता. तिशीतला."

तिशीतले आबा कसे दिसायचे, मला माहीत नाही. त्यांचा तेव्हाचा एकही फोटो घरात नाही.

फोनवर वाट विचारत नाना आले ते पाचच्या सुमाराला. मी त्यांना सगळं सांगितलं. ते मामांना म्हणाले, "पाव्हणं, दुसऱ्याच्या शब्दावर आमी बसत न्हाई."

"आरं लेकीचं ऐकून झालं, आता तुमचंबी ऐकू का?" मामा वैतागले. "दिवस कलला. सोडा मेंढरं."

नानांनी त्यांना दोन-तीन गोष्टी हळू आवाजात विचारल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. मग ते परत आले आणि वाघूर – मेंढरांभोवती लावायची जाळी – उतरवायला लागले. मेंढरं शेतात शिरली आणि पटापट बसली. चुलतीने चूल मांडली. मी मात्र बांधावर उभी राहिले, दुसरा कळप आला तर काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत. दिवस मावळला, वाट दिसेनाशी झाली. कुणीही आलं नाही.

जेवताना नानांनी फोन लावून त्या भागातल्या ओळखीच्या सगळ्या कळपांना विचारलं. त्या शेतासाठी कुणीच बोललं नव्हतं. मी विचारलं, "नाना, आबा तिशीत कसे दिसायचे?"

नानांनी भाकरी तोडली. "मला नगं इचारू," ते म्हणाले. "जागा मिळाली. मेंढरं बसली. सकाळी तुला फुडं जायाचंय, जेव."

मी बरेच तर्क करून पाहिले. कुणी नातेवाईक पुढे गेला असेल, तर मी त्या वाटेला वळणार हे त्याला कसं कळलं? मामांनी थट्टा केली असेल, तर चुलतीचं, घोडीचं त्यांना कसं माहीत? कुणीतरी आम्हाला आदल्या दिवशी रस्त्यावर पाहिलं असेल, हे सगळ्यात बरं उत्तर. पण मी काय म्हणेन, हे त्या माणसाला कोण सांगणार? ते वाक्य मला स्वतःलाच बोलायच्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तिथे माझे सगळे तर्क थांबतात.

मेंढरं विकली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पारावरच्या माणसांसमोर जाऊन उभी राहिले आणि शेवटपर्यंत बोलले. त्यांनी थट्टा केली, जागाही दिली. त्यानंतर रजा संपेपर्यंत रोज मीच पुढे गेले. कुठे नकार मिळाला, कुठे गूळ-शेंगदाणे. पुन्हा रस्त्यावर मात्र झोपावं लागलं नाही. तीस वर्षं हे रोज करणारा माणूस केवढा मोठा असेल, हे मला आबा गेल्यावर समजलं.

एक सवय मात्र लागली. प्रत्येक शेतात जागा मागण्याआधी मी विचारायची, "माझ्याआधी कुणी येऊन गेलं का?"

सगळीकडे एकच उत्तर मिळालं. न्हाई बाई, तूच पहिली.