कागदावर परकी

आमच्या खोऱ्यात शाळेची बस चालवायची म्हणजे एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि मधे बस जेमतेम मावेल एवढा रस्ता. त्या रस्त्यावरून आर्लीन मलिन्सनं सव्वीस वर्षं पोरं नेली-आणली, आणि एकाचंही नाक फुटू दिलं नाही. मी तिच्या शेजारच्या बसवर होते. थंडीत सकाळी काचांवरचं बर्फ खरवडताना आमची जुंपायची.

"नेल, तुझी म्हातारी सुरू होतेय का मी येऊन लाथ घालू?"

"बसला म्हणतेस का मला?"

"आधी जी हलेल तिला!"

दिसायला ती आमच्यासारखी नव्हती. तीन वर्षांची असताना होबर्ट आणि ओपल फ्लेमिंगनी तिला कोरियातून दत्तक आणली होती. होबर्ट अमेरिकेच्या फौजेत असताना तिकडे राहून आला होता, परतल्यावर जन्मभर कोळशाच्या खाणीत. शाळेत पोरं तिला 'चिनी' म्हणून चिडवायची. त्यात माझा भाऊही होता, लपवून काय करू? पण तोंड उघडलं की आर्लीन आमच्याहून आमच्यातली. आमच्याकडे मक्याचा ब्रेड बिनसाखरेचाच; त्यात कुणी साखर घातली तर ती ताटावरून उठायची.

दोन हजार चौदा सालच्या मार्चमध्ये तिचं मोठ्या गाडीचं लायसन्स संपत होतं. मधल्या काळात नियम कडक झाले होते. या देशात राहायचा कायदेशीर हक्क आहे असा कागद दाखवल्याशिवाय लायसन्स नाही, नुसतं ओळखपत्रसुद्धा नाही. मी जन्मदाखला दाखवला आणि दहा मिनिटांत सुटले. आर्लीननं कोर्टाचा दत्तकाचा कागद नेला होता. लायसन्सच्या कचेरीत खिडकीमागे टिफनी रॅटलिफ होती, आर्लीनच्याच बसमधून शाळा शिकलेली. तिनं कागद उलटसुलट पाहिला, संगणकात काहीतरी शोधलं, परत शोधलं.

"आर्लीनबाई, यावर होणार नाही. नागरिकत्वाचा दाखला लागेल. नाहीतर पासपोर्ट. नाहीतर... ग्रीन कार्ड."

"ते परक्यांना असतं, बाळा."

"हो. पण यात तुम्ही नागरिक दिसतच नाही."

आर्लीन हसली. "म्हणजे मी चोरून घुसले की काय? तीन वर्षांची होते गं मी. बुटाची नाडी बांधता येत नव्हती, पळून कुठून येणार?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. टिफनी हसली नाही. "माझ्या हातात असतं ना, तर आत्ता दिलं असतं," ती म्हणाली आणि कागद हळूच परत सरकवला.

महिनाअखेरीला आर्लीननं बसची किल्ली शाळेच्या कचेरीत जमा केली. "चार दिवसांचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. तिलाही तसंच वाटलं.

ओपल तेव्हा अठ्ठ्याऐंशीची, वृद्धाश्रमात होती, पण डोकं शाबूत. मीच आर्लीनला घेऊन गेले.

"आई, माझं नागरिकत्व केलं होतं का गं तुम्ही?"

"नागरिकत्व कसलं? जज्जानं सांगितलं, आजपासून ही तुमची मुलगी. संपलं."

"अजून काही आलं नव्हतं? कागद, पत्र?"

ओपलनं मांडीवरची शाल सारखी केली. मग म्हणाली, "दर जानेवारीत पोस्टातून एक फॉर्म यायचा. परकीयांनी पत्ता कळवावा म्हणून. तुझ्या बाबांचं डोकं फिरायचं. 'माझी पोर परकी नाही' म्हणायचे आणि चुलीत घालायचे. तुझं परकीय म्हणून मिळालेलं कार्डही त्यातच गेलं." मग घाबरून विचारलं, "का गं? काही चुकलं का आमचं?"

"नाही आई. काही नाही." बाहेर गाडीत बसल्यावर मात्र आर्लीननं तोंडात रुमाल कोंबला.

पुढे आम्ही तीन तास गाडी हाकून शहरातल्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"एकच विचारते, खरं सांगा. मतदान केलंत कधी?"

"एकदाही चुकवलं नाही," आर्लीन अभिमानानं म्हणाली. "अठराव्या वर्षापासून."

"नागरिक नसताना मत देणं गुन्हा आहे, आर्लीनबाई. त्यावरून देशाबाहेर काढतात."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"कोरियात."

"तिथे मी कुणाची कोण? मला तिथल्या भाषेत पाणीसुद्धा मागता यायचं नाही."

वकीलबाईंनी एक वाट सांगितली. आईबाप इथले असतील, लहानपणापासून इथेच वाढली असेल, आणि आपण इथलेच असा मनापासून समज असेल, तर माफी मिळू शकते. पण तो समज खरा होता हे अधिकाऱ्याला पटायला हवं. तोवर पोलिसांच्या नजरेला पडायचं नाही. विनालायसन्स गाडी तर बिलकुल नाही.

आर्लीनचं घर खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला. दुकान बारा मैल, दवाखाना चाळीस. नवरा ड्यूई खाणीतल्या धुळीनं कामातून गेलेला, नाकात ऑक्सिजनची नळी, नजर अधू. त्याला दवाखान्यात मी न्यायचे. माझी बस असेल तेव्हा चर्चमधलं कुणी. आर्लीननं नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवला होता, पण सही करून पाठवायला हात धजेना. "पाठवला की मी त्यांना सापडले," म्हणायची. असे आठ महिने गेले.

नोव्हेंबरात एका सकाळी ड्यूईला श्वास पुरेना. मी बसवर होते, माझा फोन लागला नाही. आर्लीननं ॲम्ब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले, निघालोय. अंगणात ट्रक उभा होता, टाकी भरलेली. तिनं किल्ली घेतली. ड्यूईनं तिचं मनगट धरलं.

"ठेव ती खाली."

"अरे, तू निळा पडायला लागलायस!"

"वाटेत अडवलं तर तुला नेतील. मग मी कुणाजवळ मरू?"

तिनं किल्ली खाली ठेवली. ॲम्ब्युलन्सला पन्नास मिनिटं लागली. तोवर तो स्वयंपाकघरात, तिच्या मांडीवर गेला होता.

दफनाच्या दिवशी ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "नेल, त्यानं मनगट धरलं होतं ते इतकं हलकं धरलं होतं. मला सोडवून घेता आलं असतं."



दुसऱ्याच आठवड्यात तिनं अर्जावर सही केली. आता भ्यायचं कशासाठी, म्हणाली. अधिकाऱ्यानं मतदानाचं विचारलं तेव्हा तिनं वर्षं मोजून सांगितली. सोळा सालच्या मेमध्ये मंजुरी आली. नागरिकत्वाच्या शपथेला जगभरची चाळीस माणसं होती. कुणी रडत होतं, कुणी फोटो काढत होतं. शपथ देणाऱ्या साहेबांनी "या देशात तुमचं स्वागत" म्हटलं, तेव्हा आर्लीन खाली बघत होती. ओपल त्याआधीच हिवाळ्यात गेली होती.

शाळेनं तिला परत बोलावलं. ती गेली नाही. लायसन्स काढलं, तेही साध्या गाडीचं. आता ती गावातल्या किराणा दुकानात गल्ल्यावर असते. बियर घेणारा कितीही म्हातारा असो, त्याचं ओळखपत्र बघायचा तिथे नियम आहे. मालकानं तिला दोनदा बजावलंय. पांढऱ्या केसांचं माणूस समोर आलं की ती कार्ड मागतच नाही, हातानंच 'जा' म्हणते.